तिसऱ्या चाकाला सूर्य उगवला

लेत्लाकेंग, मंगळवार, सकाळी नऊ

म्मा-तुमो ताईस,

ताजी आणि पक्की बातमी अशी, की तुझ्या तुमोसाठी मुलगी मागण्याचं काम अजून झालेलं नाही. बोनोलोचे मामा केत्लोइले यांनी काल संध्याकाळी फोनवर स्वतः याला दुजोरा दिला. "झालं नाही," ते म्हणाले, "कारण तुम्ही आलाच नाहीत. ऊन चढल्यावर जे आले ते कुणीतरी पाहुणे असतील." (तीस वर्षं रेडिओवर बातम्या लिहिल्या, त्यामुळे वाईट बातमी आधी सांगून टाकायची सवय लागली आहे. घरात या सवयीचं कौतुक कुणी करत नाही.)

आता रीतसर नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? भावोजींचा खोकला? तिकडे फ्रान्सिसटाउनला ढग आले का? इकडे आभाळ कोरं आहे, गुरं हाडांवर आली आहेत, आणि मी त्यांच्याहून वाळलो आहे. फोन न करता पत्र बसच्या ड्रायव्हरच्या हाती देतो आहे, कारण तुझी नणंद म्मा-पेलो शनिवारपासून माझ्याच घरी मुक्कामाला आहे आणि मी फोन उचलला की तिला नेमकं माझ्याच खोलीत काहीतरी शोधायचं असतं.

सगळं पहिल्यापासून सांगतो. मुलीच्या गावचा, मोसेत्लानेचा, रस्ता तुला माहीत आहे. आधी डांबर, मग वीस किलोमीटर वाळू, आणि वाळू संपली की पांढऱ्या धारदार दगडांचा अकरा किलोमीटरचा पट्टा. वाळूत शिरायचं तर चाकांतली हवा निम्मी सोडावी लागते, नाहीतर गाडी पोटावर बसते. आणि दगडांवर चढायचं तर ती हवा परत भरावी लागते, नाहीतर टायरच्या कडा फाटतात. म्हणजे या सोयरिकीत मुलगा, मुलगी, गुरं, घोंगड्या हे सगळं नंतर. आधी हवा. मुलाचा मामा म्हणून बोलणी माझ्या तोंडून व्हायची, गाडीही माझी, तेव्हा ही हवा माझ्या गळ्यात पडली.

मी सरळ मोलेपोलोलेला जाऊन एक कॉम्प्रेसर घेऊन आलो असतो. पण थोरले काका मोक्वादी म्हणाले, की मुलगी मागायला जाणाऱ्या गाडीची हवा ही एकट्या मोआगीची हवा नाही, ती सगळ्या घराण्याची आहे, तेव्हा बैठक बसली पाहिजे. बसली. एक नाही, तीन रविवार. तुला आपली बैठक ठाऊक आहे: ज्याला बोलायचं आहे त्याने संपेपर्यंत बोलायचं, मध्ये कुणी तोंड घालायचं नाही, आणि सगळ्यांचं एकमत होईपर्यंत उठायचं नाही. पहिला रविवार धाकट्या काकांचा, सेबातांचा. ते जोहान्सबर्गच्या खाणीत होते तेव्हा तिथे घराएवढा कॉम्प्रेसर होता, त्याची नळी अमुक फूट, त्याचा आवाज तमुक मैल. दुपारी आम्ही जेवून आलो तेव्हाही ते खाणीतून वर आलेले नव्हते. दुसऱ्या रविवारी म्मा-पेलो बोलली. तिचं म्हणणं, यंत्र कसलंही घ्या, पण त्याची काळी नळी माझ्या अंगावरच्या मानाच्या घोंगडीला लागता कामा नये आणि त्याने आवाज करता कामा नये. "मुलीकडची माणसं दचकून उठली तर म्हणतील, मुलाकडचे दळण दळत आले." तिसऱ्या रविवारी मोक्वादी काकांनी पायपंपाची बाजू मांडली. त्यांनी स्वतःचं लग्न पायपंपावर केलं होतं म्हणे. मी विचारलं, तेव्हा गाडी कोणती होती? तर सायकल.

या तीन रविवारांत मी एवढं मात्र शिकलो, की कॉम्प्रेसर घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. एक, तो थेट गाडीच्या बॅटरीला चिमट्यांनी जोडता येतो का. सिगारेट पेटवायच्या भोकात खुपसायचे असतात ते खेळण्यातले, चार मोठी चाकं त्यांच्याने होत नाहीत. दोन, तो न थांबता किती वेळ चालतो. तापून बंद पडणारा नको. तीन, नळी मागच्या चाकापर्यंत पोचते का. हे मी बैठकीत मांडलं, सेबाता काकांनी खाणीची शपथ घेऊन दुजोरा दिला, आणि शेवटी एकमताने दोन सिलिंडरांचा, चिमट्यांचा, लांब नळीचा मोठा कॉम्प्रेसर ठरला. तो आणला. सगळ्यांनी उचलून पाहिला. मोक्वादी काकांनी तो उलटा करून तळाला खिळ्याने आपल्या गुरांची खूण कोरली, आडवी रेघ आणि खाली अर्धा चंद्र. (ते प्रत्येक वस्तूवर कोरतात. बादली, खुर्ची, काकूंचं पातेलं. मोतीबिंदूमुळे पाच हातांवरून मला ओळखत नाहीत, पण स्वतःची खूण पलीकडच्या टेकडीवरच्या बैलाच्या पुठ्ठ्यावर ओळखतात.)

आणि मग, ताई, दैवाने घात केला. दुकानातून निरोप आला, की त्या मालाच्या झडपेत दोष निघाला आहे, परत आणून द्या. मी परत केला. बदल्यात मिळाला तो लाल, वीतभर, सिगारेटच्या भोकात खुपसायचा. दुसरा नव्हताच, मी काय करणार? काकांना मी हेच सांगितलं आणि त्यांनी त्या दुकानदाराच्या सात पिढ्यांची विचारपूस केली.

शनिवारी पहाटे निघालो. सव्वापाचला सूर्य, त्याआधी मुलीच्या दारात बसलेलं असायला हवं. सगळे पुरुष जॅकेट घालून. जॅकेट नसलेल्याला त्या अंगणात जागा नाही, हे काय सांगायला हवं. (माझं जॅकेट नवं होतं, राखाडी, दोन बटणांचं. म्मा-पेलोसुद्धा म्हणाली, "मोआगी, आज तू मामा दिसतोस." या प्रवासात झालेली चांगली गोष्ट एवढीच.) वाळू आम्ही झोकात पार केली. दगडांच्या तोंडाशी थांबलो, लाल यंत्र लावलं. ते गुरगुरलं. पहिल्या चाकाला पंचवीस मिनिटं लागली. मग ते तापलं आणि आपोआप बंद पडलं. सेबाता काकांनी ते मांडीवर घेऊन टोपीने वारा घातला, बाळाला घालतात तसा. मोक्वादी काका म्हणाले, "दमलं असेल. माणूस दमला की बसतो, यंत्र बसलं तर बिघडलं कुठे?" दुसऱ्या चाकाला नळी पुरेना, म्हणून तार खिडकीतून ओढली. मागे बसलेल्या तीन आत्यांनी ती आळीपाळीने डोक्यावर धरली, घोंगड्यांना लागू नये म्हणून. एवढ्यात मागून एक गाढवांची गाडी आली. गाडीवान थांबला, आमची जॅकेटं पाहिली, चाक पाहिलं. "मुलगी मागायला?" हो म्हटलं. "आमच्यात हवा भरावी लागत नाही," असं म्हणून तो गेला. तिसऱ्या चाकाला सूर्य उगवला.

मी त्या सूर्याकडे पाहिलं, ताई, आणि मला रडू आलं. चौथं चाक भरलं तेव्हा ऊन पाठीवर बसत होतं. दारात पोचलो तेव्हा तो गाढववाला परत निघाला होता आणि त्याने आम्हाला ओळख दाखवली.

केत्लोइले मामा बाहेर आले. वाईट काही बोलले नाहीत, बोलले असते तर बरं झालं असतं. आमच्याकडे न पाहता आभाळाकडे पाहिलं. "आज आमच्याकडे आधीच कुणी येऊन बसलंय," म्हणाले, "सूर्य आलाय. त्याच्या पंगतीत तुम्हाला कसं बसवू?" मग म्हणाले, पुढच्या शनिवारी या. तो शेवटचा. त्यानंतर ढग येवोत न येवोत, सगळं घर शेतावर जाणार, आणि कापणी होईपर्यंत असल्या बोलण्यांना कुणी बसणार नाही. म्हणजे पुढचा जून. मधल्या काळात बोनोलोची बदली उत्तरेला कासानेच्या शाळेत होणार आहे, हे तुला तुमोने सांगितलंच असेल. निघताना ती खिडकीत दिसली. तिने हात वगैरे काही केला नाही, फक्त आमच्या चाकांकडे पाहिलं. तुमो रोज फोन करतो. "मामा, हवा भरली का?" एवढंच विचारतो आणि ठेवून देतो. चौतीस वर्षांचा घोडा, आणि मी ठेवलेल्या फोनलाच "भरतो, भरतो" म्हणत बसतो.

रविवारी पुन्हा बैठक बसली. नवीन कॉम्प्रेसर कोणता? सेबाता काका पुन्हा खाणीत उतरले. म्मा-पेलो म्हणाली, गॅसच्या बाटलीसारखी भरलेल्या हवेची बाटली मिळते, ती घ्या, ती आवाज करत नाही. मोक्वादी काका म्हणाले, आता तरी माझ्या पायपंपाचं ऐका, माझे दोन्ही पाय अजून आहेत. एकमत झालं नाही, उद्या, बुधवारी, पुन्हा बसायचं ठरलं. मी गुपचूप मोलेपोलोलेला जाऊन आलो, तोच मोठा मिळतो का पाहायला. तो विकला गेला होता. दुसरा मागवला तर दहा दिवस. मला आता गाडी नको, रस्ता नको. गाढव घ्यावं आणि त्याच्याशीच बोलत बसावं असं वाटतं.

असो. गुडघ्याला गरम मीठ बांध. भावोजींना नमस्कार सांग. तू जेवत जा.

तुझा धाकटा भाऊ,
मोआगी

ता. क. पत्र पाकिटात घातलं होतं, पण पुन्हा काढलं. ताई, दुकानातून निरोप वगैरे काही आला नव्हता. झडप उत्तम होती. मोठा कॉम्प्रेसर मी होऊन परत केला आणि लाल घेतला, कारण दोन्हींच्या किमतीत जो फरक पडला त्यात ते राखाडी जॅकेट आलं. जुनं जॅकेट पोटावर लागत नाही. दोन वर्षं मी त्याचं बटण दोऱ्याने ओढून बांधतो आहे. मुलाच्या मामाने मुलीकडच्यांसमोर उभं राहून बोलायचं आणि मध्येच बटण उडून कुणाच्या डोळ्यात गेलं तर? घराण्याची हवा सगळ्यांची, पण पोट माझ्या एकट्याचं. ते बैठकीत कसं मांडायचं? मला वाटलं, लाल यंत्र थोडं हळू भरेल, एवढंच. तर मागणं हे: शुक्रवारच्या आत मोक्वादी काकांना फोन कर आणि सांग, की बदलायला मोआगीला मीच सांगितलं होतं. लग्न होईपर्यंत मुलाच्या आईला कुणी काही बोलत नाही, तुझं एका शब्दात भागेल. माझं तीन रविवारांतही भागणार नाही.

ता. क. दुसरा. बस सुटायला दहा मिनिटं आहेत, घाईत लिहितो. आत्ताच केत्लोइले मामांचा फोन आला. (म्मा-पेलो तेव्हा नेमकी माझ्या उशीखाली काहीतरी शोधत होती.) त्यांनाही बोनोलोचा चेहरा बघवत नाही. म्हणाले, शनिवारी पहाटे मी स्वतः दगडांच्या तोंडाशी माझा कॉम्प्रेसर घेऊन उभा राहीन. दारात येण्याआधी तुम्हाला मी पाहणं बरोबर नाही, म्हणून मी झाडीकडे तोंड करून चाकं भरीन, तुम्ही पलीकडे तोंड करून बसा, रामराम कुणी करायचा नाही. चारही चाकं वीस मिनिटांत. मी आभार मानले, डोळे पुसले, आणि सहज विचारलं, यंत्र कोणतं? दोन सिलिंडरांचं, म्हणाले. लांब नळी. तीन आठवड्यांपूर्वी मोलेपोलोलेला घेतलं, कुणीतरी परत केलेलं, म्हणून स्वस्तात मिळालं. "एक घोळ आहे फक्त. तळाला कुणाच्या तरी गुरांची खूण कोरलेली आहे. दुसऱ्याची खूण असलेली चीज विचारपूस न करता घरात ठेवणं मला पटत नाही. तुमच्यात मोक्वादी म्हणून जाणते आहेत ना, सगळ्या खुणा ओळखतात म्हणे? बोलणी सुरू करण्याआधी सर्वांसमोर त्यांनाच दाखवतो."

तेव्हा शनिवारी अपेक्षित आहे ते असं: चारला वाळू पार, साडेचारच्या आत चारही चाकं टणक, पाच दहाला सगळे मुलीच्या अंगणात, सूर्याच्या आधी. आणि पाच अकराला केत्लोइले मामा तो कॉम्प्रेसर उलटा करतील.