सूपभर कोंडा

८ एप्रिल १९७५, मंगळवार

लस टोचायला नर्सबाई आल्या होत्या. विचारलं, "पोरं किती?" म्हणलं, दोन. दहा वर्षांची सावित्री आणि ही मांडीवरची अक्की.

"आणि हा?" तिप्पू माझ्या पदराला गुळाचे हात पुसत उभा होता.

"हा समोरच्या काशम्माचा."

बाजेवरून सासूबाई बघत होत्या. बरोबर बोललीस, अशी मान हलवली त्यांनी.

नाक माझं, कपाळ ह्यांचं. नर्सबाई काही आंधळ्या नव्हत्या. एकदा त्याच्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि वहीत दोनच लिहिलं. पाच वर्षं हेच बोलतेय, जिभेला सवय झालीय. तरी आज रडू आलं. मोरीत जाऊन तोंड धुऊन आले. भाकरी करपली ती करपलीच.

१० एप्रिल

पोरं झोपलीत. ह्यांनी दुकानातनं आणलेली ही डायरी कोरीच पडून होती. माणसाला सांगायची सोय नाही, हिला तरी सांगते.

सावित्रीनंतर मला दोन मुलगे झाले. बसवराज अकरा महिन्यांचा होऊन गेला, वैशाखात, हगवणीनं. दुसऱ्याचं बारसंसुद्धा झालं नाही. मग हा झाला. सासूबाईंनी बाराव्या दिवशी त्याला सुपात घातलं आणि मागच्या उकिरड्यावर नेऊन ठेवलं. ठरल्यासारखी काशम्मा आली, "कुणाचं लेकरू हाय गं हे?" म्हणून उचललं. तिनं सूपभर कोंडा दिला, सासूबाईंनी पोर विकलं. कोंड्याच्या मोलाचं पोर, त्याच्यावर मरण कशाला डोळा ठेवतंय! नावही तसलंच, तिप्पण्णा. तिप्पे म्हणजे आमच्या कानडीत उकिरडा.

पाच वर्षं होईपर्यंत मी त्याला माझा म्हणायचं नाही, त्यानं मला आई म्हणायचं नाही. काशम्मा मला वैनी म्हणते म्हणून तोही वैनी म्हणतो. तिला अव्वा म्हणतो, आमच्या कानडीतली आई. दूध मी पाजलं. दूध तुटलं तसा जेवायला तिकडं, झोपायला तिकडं.

पण जगला. त्याच्यापुढं मी काय बोलणार.

अक्षय्य तृतीयेला परत घ्यायचाय त्याला.

१३ एप्रिल, रविवार

कुरडया. तीन दिवस भिजवलेला गहू काल वाटला. आज पहाटेपासनं चीक शिजवायला मी आणि सोऱ्या धरायला काशम्मा. तिच्या हाताला सोऱ्या असला की कुरडई कशी गोल पडते, माझी आपली वाकडी. "वैनी, चीक पातळ झालाय की. ध्यान कुटं हाय?" म्हणली. ध्यान कुठं असणार! माळवदावर पोरांना कावळे हाकायला बसवलं होतं. कावळ्यांपेक्षा पोरांनीच जास्त ओला चीक खाल्ला.

दहा वाजता माळवद तापलं. तिप्पूचे तळपाय भाजले, तो बोंबलत जिना उतरला. मी दारातच होते, हात पुढं केले. माझ्या बाजूनं वळसा घालून तो काशम्माच्या कुशीत शिरला. माझे हात चिकानं भरले होते म्हणून आला नाही, अशी मी मनाची समजूत घातली. काशम्माचेही भरले होते.

१९ एप्रिल

नळाला पाणी नाही. तिन्ही पोरं घामोळ्यानं पिसाळलीत. मीठ घालून कैरी दिली तर तिच्यावरनं मारामारी.

२४ एप्रिल

काशम्माचा भाऊ चन्नप्पा अक्कलकोटहून आला. तिचा नवरा मिलमध्ये होता, तो जाऊन सात वर्षं झाली. मूल नाही. शेंगाचटणी कुटून विकते आणि राहते. भाऊ म्हणतो, आमच्याकडं चल, बायको अंथरुणाला खिळलीय, घरात करायला बाई माणूस नाही. ही म्हणली, "पोराचं झालं की मग बघू."

म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर ती जाणार.

मला बरं वाटलं. लिहिते तसंच. लई बरं वाटलं.

३० एप्रिल

सावी पास झाली. पेढे नाहीत, साखर वाटली. आता सुट्टी, म्हणजे घरात दिवसभर धिंगाणा. ओसरीवर शाळा मांडली तिनं. तिप्पूला म्हणते, "वैनी नाही म्हणायचं, आई म्हणायचं. म्हण बघू." तो खदाखदा हसतोय. "वैनी आई न्हाय. वैनी वैनी हाय."

सावीच्या पाठीत धपाटा घातला. तिचं काय चुकलं होतं? काही नाही. संध्याकाळी तिच्या वेणीला अबोलीचा गजरा माळला, तरी तोंड फुगवूनच होती.

५ मे

दुपारी काशम्मा आली. माझ्याकडं न बघता शेंगा निवडत बसली. मग म्हणली, "वैनी, येक मागू का? परत दिल्यावर मी म्हैनाभर हितंच ऱ्हाते. दिसा तुमच्याकडं, रातीला माझ्याकडं. हळूहळू सवय मोडंल त्येची. येकदम तोडलं तर हाय खाईल लेकरू."

मी म्हणलं, रीत म्हणजे रीत. दिल्यावर मागं बघायचं नसतं.

"मागं बघू न्हाय, येवढंच हाय की. गाव सोडावं असं कुटं हाय?"

पाच वर्षं माझ्या डोळ्यांदेखत तिनं त्याला भरवलं, अंघोळ घातली, मांडीवर झोपवलं. मी समोरच्या दारातनं बघत होते, ते कुणी नाही बघितलं. आता आणखी महिनाभर बघू? नाही जमायचं मला.

निवडलेल्या शेंगा तिनं माझ्याच डब्यात भरल्या आणि गेली.

६ मे

हे म्हणतात, "राहिली असती महिनाभर तर काय बिघडलं असतं?" बापयांना काय कळतंय.

१४ मे, अक्षय्य तृतीया

झालं.

आज बसवजयंतीही. सकाळपासनं बाळीवेशीत हलगी वाजत होती. अंगणात पाट मांडला. सुपात कोंडा, वर हिरवं लुगडं, खण. काशम्मानं त्याला न्हाऊ घातलं होतं, नवा सदरा शिवला होता, डोळ्यांत काजळ. स्वयंवराला निघाल्यासारखा नटला होता गडी. त्याला वाटत होतं, काहीतरी खेळ आहे.

माझ्या मांडीवर बसवताना काशम्मा म्हणली, "तुमचं लेकरू तुमाला. माझा कोंडा मला." आवाज निघाला नाही तिचा, ओठ तेवढे हलले. सासूबाई म्हणल्या, "मोठ्यानं." तिनं परत म्हणलं.

त्याच्या मुठीत तिचा पदर होता. मी एकेक बोट सोडवलं. सूप कडेवर घेऊन ती वळली आणि चालायला लागली. आधी हा हसत होता. मग म्हणला, "अव्वा, मागं बघ की." अंगणाच्या टोकाला गेली तसा ओरडला, "अव्वा, मागं बघ की गं!" तिनं बघितलं नाही. तिला मीच सांगितलं होतं.

बायका डोळे पुसत होत्या. मी त्याला गच्च धरून बसले. किती जड झालाय! आज त्या नर्सबाई यायला हव्या होत्या.

१५ मे

पहाटेच्या एस. टी.नं काशम्मा गेली. तिप्पू झोपेत होता.

१७ मे

जेवत नाही. तिच्या कुलूप लावलेल्या दारासमोरच्या पायरीवर बसून राहतो. उन्हाचा चटका बसतोय, उठ म्हणलं तर उठतो, माझी पाठ वळली की परत तिथंच. आज मुद्दाम तिच्यासारखे धपाटे केले. एक घास खाल्ला. "अव्वाचं असं नसतंय, वैनी."

वैनीच. अजून वैनीच.

हे म्हणतात, रुळेल. लहान आहे, चार दिवसांत विसरेल. तसंच होऊ दे.

२१ मे

काल रात्रीपासनं अंग तापलंय त्याचं. डॉक्टर म्हणले, काही नाही, ऊन बाधलंय, पाणी पाजत राहा. वैशाखच आहे हा. बसवराजचं अंग असंच लागत होतं हाताला. ओलं फडकं कपाळावर ठेवते, वाळलं की परत भिजवते.

सासूबाई म्हणल्या, "गिरिजा, आता उघड उघड तुझा झालाय तो. आता झाकायला कोण नाही." मला कळलं. पाच वर्षं काशम्माच्या पदराआड होता. मी ओढून उन्हात आणला.

त्याला काही होऊ नये. मला आई नाही म्हणला तरी चालेल, देवा. जन्मभर वैनी म्हणू दे.

२२ मे

ताप उतरायला लागला. ताक-भात खाल्ला चार घास. मी देवापुढं बसून घळाघळा रडले. अक्कीला वाटलं खेळतेय, माझे केस ओढत होती.

२४ मे

तिप्पू अंथरुणात बसलाय म्हणून सावी त्याला गोष्ट सांगत होती. मी स्वयंपाकघरातनं ऐकलं. ती त्याचीच गोष्ट सांगत होती. सूप, उकिरडा, कोंडा, सगळं. ह्या पोरीच्या तोंडाला झाकण नाही.

हा म्हणतोय, "मला कोंड्याला इकलं व्हय?"

"हो. सूपभर."

"आणि परत घेतलं?"

"कोंडा परत दिला की आजीनं. तू पण होतास की तिथं, येड्या."

"मग कोंडा दिला की मिळतंय?"

"हो."

त्याला हसू फुटलं. किती दिवसांनी हसला. सावीला ओरडायला गेले होते, ते तशीच परत आले.

२७ मे

आज गव्हाचं पीठ चाळत होते. कधी नव्हे ते माझ्यापाशी येऊन बसला, गुडघ्याला गुडघा लावून. म्हणला, "वैनी, चाळणीतला कोंडा मला दे." कशाला रे? "पायजे." खेळायला मागतोय म्हणून दिला. ओंजळीत घेऊन गेला, सांडू नये म्हणून पाय घासत घासत.

पायरीवर आज बसला नाही.

२९ मे

सांडगे घातले, पापड लाटले. लाटून लाटून मनगटात गोळे आले. तिप्पू लाट्या मोजून देत होता, दोन खात होता, एक देत होता. रोज येतो कोंड्याला. शेजारच्या गायीला घालतो वाटतं. मी मुद्दाम बारीक चाळणी घेते आता, कोंडा जास्त निघतो, तेवढाच जास्त वेळ बसतो. आज पीठ उडालं माझ्या नाकावर तर आपल्या सदऱ्यानं पुसलं त्यानं.

ह्यांना म्हणलं, रुळला हो. हे म्हणाले, मी म्हणलं नव्हतं? सासूबाईंनी दृष्ट काढली.

मला झोप लागली आज. दुपारची, गाढ.

१ जून

काशम्माचा निरोप आणला चन्नप्पाच्या ओळखीच्या माणसानं. "लेकरू खातंय का, येवढं सांगा." म्हणलं, खातंय. रमलाय म्हणावं. चटणीचा डबा पाठवलाय तिनं. तिप्पूला दाखवला नाही. आता कुठं घडी बसतेय, कशाला आठवण काढायची.

३ जून

आज तिप्पू मला आई म्हणाला.

मी भांडी घासत होते. दोन्ही हातांनी ओढत ओढत सूप घेऊन आला, काठोकाठ कोंडा. माझ्या पायाशी ठेवलं. म्हणला, "आई, हा घे. मला परत अव्वाला इक की."