फुग्याची शेपटी

२ जानेवारी, सकाळी
नवी वही. मागच्या वर्षीची फेब्रुवारीतच बंद पडली, पण ते वर्षच भिकार होतं. यंदा तसं होणार नाही.
संकल्प: एक, रोज लिहिणे. दोन, कमी बोलणे आणि तेही हळू, आमच्या कॉमिकमधल्या मालकासारखं. तीन, लेकीला फोन न करणे.
तिसऱ्याबद्दल थोडं. लेक घर सोडून गेली त्याला नऊ आठवडे झाले. मी टेबलापाशी, ती दारात, हातात बॅग, आणि वाक्य काय, तर आजपासून आपला संबंध संपला. पोटच्या पोरीने असं म्हटल्यावर बापाने काय करायचं? फोन? मालक कधी कुणाला फोन करत नाही. लोक आपल्या पायांनी त्याच्याकडे येतात.
मार्चपर्यंत येईल. हिला म्हटलं, पैज लाव. ही म्हणाली, भाजी चिरून द्या.

५ जानेवारी
मालक कुणी घडवला हे एकदा लिहून ठेवायला हवं. पुढेमागे लोक विचारतील.
सतरा वर्षांपूर्वी आमच्या कॉमिकमध्ये एक गुप्तहेर होता, रोज कुणाला तरी पकडायचा. चौदाव्या पानावर न्हाव्याच्या खुर्चीत एक जाडा माणूस, तोंडाला फेस. त्याला गोष्टवाल्याने लांबलचक भाषण दिलं होतं. चित्रकाराने त्या मापाचा बोलण्याचा भलाथोरला फुगा काढून ठेवला आणि ऐनवेळी संपादकांनी भाषण कापलं. उरले तीन शब्द. दार लावून घ्या.
फुग्यांत अक्षरं भरणं हे माझं काम. मोठा फुगा, तीन शब्द. मी ते बारीक अक्षरात, मधोमध लिहिले. सगळं कॉमिक बोंबलतंय आणि हा एकटा हळू बोलतोय. वाचक अंक डोळ्यांजवळ नेऊन वाचायला लागले. पत्रं आली, दार लावून घ्या म्हणणारा कोण?
तो मालक. पुढच्याच वर्षी गुप्तहेर बंद, मालकाचा स्वतंत्र अंक सुरू. आज शहरातली बंदरं, थिएटरं, दोन बँका आणि पोलिसांतले निम्मे त्याचे. आणि हे सगळं माझ्या बारीक अक्षरावर उभं आहे. त्या दिवशी माझी निब मोडली होती आणि बारीकच शिल्लक होती, हे मात्र कुणाला सांगायचं कारण नाही.

१९ जानेवारी
मालकासारखं बोलण्याचा सराव चालू. बसमध्ये कंडक्टरला हळूच स्टॉप सांगितला. त्याने भलत्याच स्टॉपचं तिकीट दिलं. दीड मैल चाललो. चालणं प्रकृतीला बरं.
घरी हिला म्हटलं, दार लावून घ्या. ही म्हणाली, घसा दाखवून या.

८ फेब्रुवारी
ऑफिसचं टेबल डुगडुगतं. चार ओळी बिघडल्या, पांढरा रंग लावून पुन्हा लिहिल्या. पायाखाली कागदाची घडी घातली, तरी डुगडुगतं. शाईही हल्ली पातळ येते.
हिला सांगितलं तर म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. म्हणाली, घरचं टेबलही डुगडुगतं का? चहाचा कपही? डॉक्टरकडे चला. मी म्हटलं, हात दाखवून अवलक्षण कुणी सांगितलंय?
लेकीचंही हेच टुमणं. ती कॉम्प्युटरवर अक्षरं बनवते, तीच तिची नोकरी. गेली त्या दिवशी माझ्या हाताकडे बघत म्हणाली, बाबा, आहे तोवर तुमची सगळी अक्षरं मला काढून द्या, मी कॉम्प्युटरमध्ये जपून ठेवते. आहे तोवर! मी काय मेलो होतो? तिथूनच पेटलं.
ळ काढायला तिला मीच शिकवलं. माझ्या मांडीवर बसून, माझ्याच निबने.

२६ फेब्रुवारी
लेकीचा वाढदिवस. ती फोन करेल याची खात्री होती. केला, पण आईला. ही स्वयंपाकघरात फोन घेऊन गेली. मी दारापाशी उभा राहून दोनदा खोकलो, मी घरी आहे हे कळावं म्हणून. नंतर हिला विचारलं, काही म्हणाली का? ही म्हणाली, बाबांना खोकला झालाय का विचारत होती.
म्हणजे चौकशी केली. बर्फ वितळतोय. एप्रिल धरून चालू.

१२ मार्च
चहाच्या वेळी गोष्टवाला रडकुंडीला आलेला. म्हणाला, मालकाने सगळं जिंकलं, आता लिहू काय? मी म्हटलं, त्याला एक मुलगी दे. सगळं शहर त्याला भितं, ती भीत नाही. एक दिवस घर सोडून जाते. वाक्यही देऊन टाकलं: आजपासून आपला संबंध संपला.
गोष्टवाल्याने तिथल्या तिथे पाकिटावर टिपून घेतलं. म्हणाला, काळजाला भिडलं. भिडणारच.

३ एप्रिल
मुलीच्या प्रसंगाचं पान आलं. चित्रकाराने कमाल केली आहे. मालक खुर्चीत, ती दारात, हातात बॅग. एकच फुगा दोघांच्या मधोमध, वर. शेपटी फक्त माझ्यासाठी सोडलेली. शेपटी ज्याच्या तोंडाकडे जाते तो बोलला, हे शेंबडं पोरही जाणतं.
वाक्य भरलं. गोष्टवाल्याच्या कागदावर डाव्या बाजूला बोलणाऱ्याचं नाव होतं. ते पाहिलं.
शेपटी काढली. जशी निघाली तशी.

२२ एप्रिल
अंक बाजारात. ऑफिसात गोंधळ.
गोष्टवाला ओरडला की ते वाक्य मालकाचं होतं. त्याने मुलीला हाकललं, हीच तर गोष्ट! पुढच्या दोन अंकांत तो तिच्या सुडाला घाबरणार होता. तू शेपटी मुलीकडे वळवलीस, आता तीच बापाला सोडून गेली!
संपादकांनी विचारलं, हात हलला का? मी म्हटलं, हो, टेबल डुगडुगतं. ऑफिसात पहिल्यांदाच हाताचं कबूल केलं. नाहीतर दुसरं काय सांगणार होतो?
तरी माझं मत कायम. बाप असं बोलत नाहीत. पोरी बोलतात.

१७ मे
पत्रांचा ढीग. मला वाटलं, अभिनंदनाची. निम्मी तशीच म्हणायची. बिचारा मालक. मालकाला सांभाळा. एका बाईंनी त्याच्यासाठी स्वेटर पाठवला आहे, ढेरीचं माप बरोबर.
संपादक कपाळाला हात लावून बसले. ज्याची कीव येते त्याला घाबरणार कोण? गोष्टवाल्याने सारवासारव म्हणून मालकाचे चार साथीदार फोडले. बंदर गेलं. एका चौकटीत मालक एकटाच टेबलाशी बसून दोन ताटं मांडतोय. ते चित्र मला सहन झालं नाही, पण फुगाच नव्हता त्यात. मला करण्यासारखं काही नव्हतं.
लेकीचा फोन नाही. जूनमध्ये तिला सुट्टी असते.

९ जून
संपादकांनी आत बोलावलं. खुर्ची दिली. खुर्ची दिली की समजावं. म्हणाले, ऑगस्टचा अंक शेवटचा, मालक मरणार. आणि अक्षरं कॉम्प्युटरवर भरून घेऊ, तुम्ही आता हाताला विश्रांती द्या.
मी अगदी हळू म्हटलं, दार लावून घ्या. ते म्हणाले, काय? मी म्हटलं, काही नाही.
बाहेर येऊन टेबलाचा पाय पाहिला. घट्ट आहे.

६ जुलै, दुपारी
सतरा वर्षांत हिने एकही अंक वाचला नव्हता. आज कपाट आवरताना एप्रिलचा हाती लागला. उभ्याउभ्या ते पान पाहिलं. मग माझ्यासमोर टेबलावर ठेवलं आणि फुग्यावर बोट ठेवून म्हणाली, इथेही शेपटी तिच्याकडेच वळवलीत ना?
मी म्हटलं, म्हणजे काय?
म्हणाली, त्या दिवशी हे वाक्य कोण बोललं? मी स्वयंपाकघरात होते, बहिरी नव्हते. सगळ्या जगाला सांगत सुटलात, पोरगी संबंध तोडून गेली. चोराच्या उलट्या बोंबा. मी आठ महिने गप्प बसले, म्हटलं, आज ना उद्या स्वतःच बोलतील.
मग रडली.
हिचं वय झालं आहे. विसरते.

७ जुलै
हिचं वय माझ्यापेक्षा चार वर्षांनी कमी आहे.

११ ऑगस्ट
शेवटचा अंक आला. मालक न्हाव्याच्या खुर्चीत मरतो, जिथे जन्मला तिथेच. शेवटचे शब्द तेच, दार लावून घ्या. पण कॉम्प्युटरच्या अक्षरात. न्हाव्याचं अक्षर जेवढं तेवढंच मालकाचं. ळ कुठल्या तरी परक्याचा. वाचताना मालकाचा आवाजच येईना.
तिला अक्षरं दिली असती तर तो माझ्या अक्षरात मेला असता. तेवढंच मागत होती पोरगी.

३० ऑगस्ट
ऑफिसातून आणलेल्या कोऱ्या कागदावर आमच्या त्या दिवसाचं पान काढायला घेतलं. चित्रं मला येत नाहीत, दोन गोल काढले. एक टेबलापाशी, एक दारात. दारातला गोल म्हणतो, आहे तोवर. टेबलापाशी बसलेला उठतो, टाक फेकतो. शाई तिच्या कामाच्या बॅगवर उडते. शाईचं लिहायचं मी टाळत होतो, ते आत्ता लक्षात आलं. मग फुगा. वाक्य.
आणि शेपटी. हात एवढा हलत होता की रेघ सुरवंटासारखी निघाली. पण गेली बरोबर. टेबलाकडे.
मी म्हणालो ते. ती काहीच म्हणाली नव्हती. बॅग पुसत होती.

२ सप्टेंबर
संकल्प: लेकीला फोन करणे. उद्या.

५ सप्टेंबर
उद्या नक्की. काय बोलायचं ते कागदावर लिहून ठेवलं आहे. माझंच अक्षर मला लागेना. पाठ करतो आहे.

१४ सप्टेंबर, दुपारी ४
ही बाजारात गेली आहे. फोन लावला. पहिल्याच घंटेला उचलला. मालकासारखं बोललो असणार, कारण ती दोनदा म्हणाली, कोण बोलतंय? मग मोठ्याने म्हटलं, मी. बाबा.
तिने घाबरून विचारलं, आई बरी आहे ना? बरी आहे म्हटलं. मग पाठ केलेलं सगळं विसरलो. एवढंच म्हटलं की त्या दिवशी संबंध संपला म्हणालो ते मी, तू नाहीस.
ती म्हणाली, माहीत आहे, बाबा. मी तिथेच होते ना.
दहा महिने लागले मला, आणि तिला हे ठाऊकच होतं.
हात कसा आहे विचारलं तिने. ठणठणीत म्हणणार होतो. म्हटलं, वाईट आहे. ये, आणि उरली असतील ती अक्षरं घेऊन जा. मग बराच वेळ फोनमध्ये काही नव्हतं. मग तिने ठेवला.
दारात ही पिशवी घेऊन उभी. माझ्या चेहऱ्यावरून हिने ओळखलं. काय म्हणाली, विचारलं. मी म्हटलं, येते म्हणाली.

१४ सप्टेंबर, संध्याकाळी ६
ही पिशवी तशीच टाकून आतल्या खोलीत गेली आहे. लेकीच्या पलंगावरची चादर बदलतेय. खिडकी पुसली. मला विचारून गेली, कधी येते म्हणाली? जेवायला असेल ना?
येते असं ती म्हणाली नाही. ये असं मी म्हणालो. ती काहीच म्हणाली नाही.
आता हे हिला सांगायला हवं.