मालकाचं बेडं भाडेकरूला

मांडवी, रत्नागिरी
शुक्रवार, १० ऑक्टोबर

तीर्थरूप चिंतामणीकाका यांस,

देवरूखच्या दिशेला तोंड करून गंधारचा साष्टांग नमस्कार. (खोलीत साष्टांग घालण्याइतकी जागा नाही. पाय दाराबाहेर जिन्यावर जातात आणि खालचे लोक काय झालं म्हणून विचारायला येतात. तेव्हा चार अंगं खोलीत, चार जिन्यावर, असा धरून घ्यावा.) तुमचा गुडघा कसा आहे? राजश्रीकाकूची कंबर? मी ठीक आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो.

फोन का केला नाही, तर फोन तुम्ही उचलता, माझा आवाज ऐकता आणि 'राजश्री, तुझा फोन' म्हणून काकूच्या हातात देता. दोन वर्षं आणि चार महिने हेच चाललंय. पत्राचं तसं नाही. पत्रही तुम्ही काकूच्या हातात द्याल, पण तिला चष्मा सापडणार नाही आणि ती म्हणेल, तुम्हीच वाचा मोठ्याने. तेव्हा काका, आता वाचताच आहात तर नीट वाचा.

चूक माझीच. कॉम्प्युटर क्लासच्या पाटीवर तुमच्या नावाखाली माझं नाव रंगवून घेतलंत, आणि रंग वाळायच्या आत मी गोव्याला गेलो. का गेलो, हे मला अजून सांगता येत नाही. पाटीवर नाव बघितलं, छान दिसत होतं, आणि स्टँडवर जाऊन गोव्याची गाडी विचारली. पुढे गोव्याहून हुबळी, हुबळीहून एका लग्नाच्या लायटिंगवाल्याबरोबर कुठे कुठे, आणि मग भाट्याचं एक आगर. तिथे माडांवर नंबर रंगवायचं काम होतं. एकसष्टपर्यंत झकास गेलं. मग एक खंड्या दिसला, त्याच्यामागे खाडीपर्यंत गेलो, आणि परत येऊन पुन्हा एकसष्टपासून रंगवत सुटलो. त्या आगरात आज दोन एकसष्ट आहेत आणि मालकाच्या मते एक माड चोरीला गेला आहे.

तर सध्या मी इथल्या एमआयडीसीत आंब्याच्या कॅनिंगच्या कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळतो. (शिक्षण विचारलं तेव्हा 'देवरूखला चिंतामणी सरांकडे' एवढंच सांगितलं. पूर्ण की अर्धवट ते त्यांनी विचारलं नाही, मी विषय काढला नाही.) मोसमात इथे दोनशे बायका असतात म्हणे, गाणी काय, भांडणं काय! मी आलो तो शेवटचा डबा बंद झाल्यावर. आता एवढ्या मोठ्या शेडमध्ये कबुतरं आहेत. मालक हरिश्चंद्रशेठ दिवसातून एकदा डोकावतात, ऑफिस बघणाऱ्या उल्काताई पाचला स्कूटी काढतात, आणि मग मी आणि सर्व्हर.

सर्व्हर म्हणजे एक मोठा कॉम्प्युटर आणि त्याच्या पोटात चार खोटे कॉम्प्युटर. खोटे म्हणजे हात लावता येत नाही असे, पण कामं खरी करतात. एक ऑर्डरी बघतो, एक हजेरी, एक शीतगृहाचं तापमान आणि एक कॅमेरे. हे शेठना समजावलं तर म्हणाले, "आत चार आहेत म्हणतोस, मग बटण एकच कसं?" तुम्हाला मात्र लगेच कळेल. एका आवारात चार बिऱ्हाडं आणि आत-बाहेर करायला गडग्याला बेडं एकच. (बेडं म्हटल्यावर खालच्या आगरातल्या वाटेचा तुमचा दावा आठवला. अकरावं वर्ष ना? तारीख पडली का?) कॅमेऱ्याचं बिऱ्हाड सगळ्यात दांडगं. त्याची चित्रं बाहेर पडायला लागली की बाकीच्यांनी आत ताटकळत बसायचं. रोज अकराला उल्काताईंची हाक, "गंधार, मेल्या, परत फिरायला लागलं बघ पडद्यावर हे चाक! तू आहेस का गेलास?"

उपाय एकच, ज्याला त्याला स्वतःचं बेडं. म्हणजे सर्व्हरला नेटवर्कची जास्तीची कार्डं बसवायची आणि एकेक कार्ड एकेका बिऱ्हाडाच्या नावावर करून टाकायचं. नावावर म्हणजे अगदी सातबाऱ्यावर चढवल्यासारखं. मग त्या कार्डावर खुद्द सर्व्हरचाही हक्क राहत नाही, त्याला ते दिसतसुद्धा नाही. चौघांना चार, आणि सर्व्हरचं स्वतःचं जुनं एक राखायचं. ते राखायलाच हवं, कारण त्याला ना पडदा ना कीबोर्ड. मी माझ्या टेबलावरून त्याच्यापर्यंत जातो तो त्याच वाटेने.

गेल्या रविवारी दुपारी कारखाना बंद असताना हे शुभकार्य केलं. मागच्या बाजूला पाच भोकं ओळीने. मी डावीकडून मोजली, चार बिऱ्हाडकरूंची आणि शेवटचं घरमालकाचं, म्हणजे खुद्द सर्व्हरचं. सर्व्हर मोजतो उजवीकडून. (हे कुठे लिहिलेलं असेल तर त्या पानापर्यंत मी पोचलो नाही. मधे खिडकीत वांदर आला होता.) त्यामुळे पहिलं म्हणून कॅमेऱ्याच्या नावावर जे चढवलं ते मालकाचं. सर्व्हर बंद करून चालू केला. चारही बिऱ्हाडं आपापल्या वाटेने धावत सुटली आणि मालक आत कोंडला.

कॉम्प्युटरला हाक मारायची एक सोय असते. आपण विचारायचं, आहेस का? तो म्हणतो, आहे. बाकी काही बोलत नाही. सुट्टीच्या दिवशी मी काम नसतानाही विचारतो. (हे उल्काताईंना माहीत नाही.) त्या दुपारी चौघांनी 'आहे' म्हटलं, सर्व्हर काही बोलेना. मी विचारत राहिलो. पंखा फिरत होता, दिवे लुकलुकत होते, चौघांना त्यानेच पोटात सांभाळलेलं होतं. आत होता तो. मला तेवढं उत्तर नव्हतं. राग मानू नका, पण मला तुमची आठवण झाली.

सोमवारी उल्काताईंचं चाक फिरलं नाही. शेठना कॅमेऱ्यात स्वतःची गाडी इतकी स्वच्छ दिसली की तिच्या दाराला पोचा पडलेला त्यांना तिथेच कळला. सगळ्यांसमोर (म्हणजे उल्काताईंसमोर) माझी पाठ थोपटली आणि म्हणाले, आता पाचवा घाल आत, लांज्याच्या गोडाऊनसाठी, येत्या सोमवारपर्यंत. पाचवा घालायचा तर आधी मालकाशी बोलायला हवं, आणि मालकापर्यंत वाटच नाही. हे मला सांगवेना. कामासाठी मला शाबासकी मिळाली ती आयुष्यात दुसऱ्यांदा. पहिली तुम्ही दिली होतीत, पाटी रंगवून.

तेव्हा मी खोलीवर जाऊन बॅग भरली. सात मिनिटं लागतात, सवय आहे. बॅग घेऊन मांडवीच्या धक्क्यावर जाऊन बसलो. एक बाई नातवाला भेळ भरवत होती. तिने मला विचारलं, "कुठली गाडी पकडायची आहे?" आणि मला एकाही गावाचं नाव सांगता येईना. गोवा झालं होतं, हुबळी झाली होती. म्हटलं, नाही हो, आत्ताच आलोय. मग आल्यासारखा परत खोलीवर गेलो आणि बॅग रिकामी केली. त्याला किती वेळ लागला ते मोजलं नाही.

असो. काही हवंय म्हणून हे पत्र लिहिलेलं नाही. काकूला नमस्कार, आणि बाजारात कुणी माझी चौकशी केली तर (करत नसणार) रत्नागिरीला आहे म्हणून सांगा.

आपला,
गंधार

ता. क. तसं एक लहानसं हवं होतं. क्लासमधला तो जुना जाडा मॉनिटर, निळ्या प्लगचा, अजून माळ्यावर असेल तर आमच्या सर्व्हरला तसलाच लागतो. ऑफिसातले नवे पडदे त्याला बसत नाहीत. एसटीच्या पार्सलने नको, काच आहे. कुणीतरी मांडीवर धरून आणायला हवा. काकूला झेपायचा नाही.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवलं नव्हतं म्हणून खरं ते लिहितो. नवा पडदा निळ्या प्लगला जोडायचा तुकडा इथे बाजारात पहिल्याच दुकानात मिळतो. मी तो बुधवारीच आणला, म्हणजे हे पत्र लिहायला घेण्याच्या दोन दिवस आधी. टेबलावरचा पडदा आणि कीबोर्ड उचलून सर्व्हरला लावला, उरलेलं पाचवं भोक त्याला दिलं, आणि मग शेठकडे जाऊन सगळं सांगितलं. म्हणाले, "म्हणजे तीन दिवस माझं यंत्र आतून बंद नि मी तुझी पाठ थोपटतोय? कठीण आहेस बाबा." पण जा म्हणाले नाहीत. तेव्हा मॉनिटर नको. तुम्ही या.

ता. क. तिसरा. पत्र पोचायला चार दिवस धरले तर येता रविवार चुकेल. त्याच्या पुढच्या रविवारी मी स्टँडवर असेन. देवरूखची गाडी साडेआठला येते. तिच्यात नसलात तर साडेदहाची बघीन. बाराची येईपर्यंत मी जेवणार नाही. त्यानंतर स्टँडवर वडा मिळतो, आणि दोनची गाडी आहे.