पाठीवरचा रंग आणि पायांची हाडं

आबा, तुम्हाला वाचता येत नव्हतं, म्हणून हे पत्र तुम्ही असता तरी मलाच वाचून दाखवावं लागलं असतं. एका गोष्टीची लाज वाटून राह्यली म्हणून लिहायला बसले, पण आधी माझं काम सांगते. मी चिलखती डायनासोरांची हाडं मोजते. ही माणसाच्या कैक कोटी वर्षं आधीची जनावरं, काही मेंढ्याएवढी, काही बैलाहून मोठी, कातडीत हाडांच्या ढाली. उत्तरेकडच्या देशांत पुष्कळ सापडली. दक्षिणेत थोडीच: ऑस्ट्रेलियात, अंटार्क्टिकावर, दक्षिण अमेरिकेच्या टोकाला. ही दक्षिणेकडची उत्तरेच्याच कुळातली, की त्यांचं कूळ वेगळं, एवढं ठरवायचं होतं.

ढाली सारख्या दिसल्या, म्हणून मी त्यांना उत्तरेच्या कुळात टाकून मोकळी झाले. मंग कुंभार पिंपळगावचा बाजाराचा दिवस आठवला. पाण्यावर दोन कळप मिसळलेत. मी पाठीवरचा लाल पट्टा बघून मेंढरं हाकते आहे, आणि तुम्ही माझ्या हातातली काठी काढून घेता. "रंग कोनी बी लावतंय. कान बघ, पाय बघ, चाल बघ. एकाच खुणेवर जाऊ नको." चार परक्या मेंढ्या मी आपल्यात ओढल्या होत्या. त्या तुम्ही मलाच परत द्यायला लावल्या, सगळ्यांसमोर. फार राग आल्ता तुमचा.

तर ढाली बाजूला ठेवून मी पाय, कवटी, शेपूट परत मोजलं. उत्तरेकडच्यांचे पाय जाडजूड, यांचे सडपातळ निघाले, आणि एकाची शेपटी तर टोकाला चपटी. दक्षिणेकडच्यांची फांदी वेगळीच, फार आधी फुटलेली. त्या काळी ते सगळे खंड एकमेकांना लागून होते, आपल्या जालन्याची जमीनही त्यांच्यातच. इथं वर सगळा काळा पत्थर आहे, खाली काय आहे ते मला ठाऊक न्हाई, म्हणून इथलं काही लिहिलं न्हाई.

परवा हे मी शहरात जाणकारांसमोर मांडलं. बराबर आहे म्हणाले. चहाच्या वेळी एका बाईंनी विचारलं, ढालींवर विसंबायचं नाही हे कोणाकडून शिकलात? मी माझ्या सरांचं नाव सांगितलं. मंग त्यांनी सहज विचारलं, वडील काय करायचे? मी म्हणाले, शेती.

आबा, गुंठाभर जमीन नव्हती आपल्याला. मेंढरं राखायचे, एवढं सांगायला माझी जीभ रेटली न्हाई.