प्रेमच्या टाकीत नवा मासा सोडू नये

मी, हिंमतराव संपतराव आखाडे, वय एकाहत्तर, धंदा बी-बियाणे विक्री (आता बंद), राहणार डोणगाव, तालुका मेहकर, जिल्हा बुलढाणा, माझ्या मागे काय व्हावे ते या कागदावर स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मूत्रपिंडे थकली आहेत, डोके शाबूत आहे. कोणी धाक घातलेला नाही, कोणी भुलवलेले नाही.

१. माझी पत्नी सत्यभामाबाई आधीच वारली. एकुलता मुलगा प्रेम २०२१ च्या एप्रिलमध्ये कोरोनाने गेला. त्याची पत्नी डिंपल हिने मागे राहून मला सांभाळले. राहते घर, दुकानाचा गाळा व माझ्या वाटणीचे शेत मी तिला पूर्ण मालकी हक्काने देत आहे. ती इथे राहो, विको किंवा कुलूप लावून जावो, त्याचा जाब विचारण्याचा हक्क कोणालाही नाही.

२. पुढच्या खोलीतील खाऱ्या पाण्याची मोठी टाकी, तिचा पाणी थंड ठेवणारा चिलर, पंप, दिवे व इन्व्हर्टर हेही डिंपलचेच. टाकीबद्दल थोडे लिहिणे भाग आहे, कारण या घरात पुढे जे झाले ते तिच्यावरूनच झाले.

प्रेम रत्नागिरीला मत्स्यशास्त्र शिकला. परत आला तो ही काच घेऊन. आमच्याकडचा उन्हाळा, त्यात समुद्राचे मासे, म्हणून गाव हसले. मीही हसलो. तो मात्र आधी नुसते खारे पाणीच कितीतरी दिवस फिरवत बसला. मग दोन क्लाऊनफिश आणले, नर-मादी. ते रुळल्यावर अर्धा जांभळा अर्धा पिवळा असा ग्रामा, मग एक कोळंबी. पिवळा टँग सर्वांत शेवटी, कारण तो जागेवर हक्क सांगतो. आधी आला असता तर मागून येणाऱ्यांना त्याने टिकू दिले नसते.

मी म्हणालो, "अबे, एवढी मोठी टाकी, अन् मासे चारच? मोठा एखादा आण नं."

"बाबा, जागा पाहून नाही आणत, सोभाव पाहून आणा लागते," तो म्हणाला. "ज्याच्या तोंडात जो मावते, तो त्याले खाते. त्याले काय माहीत हे आपलं घर हाय म्हणून?"

तो गेला त्या दिवसांत या टाकीच्या पंपाचे बुडबुडे मला ऐकवत नसत. माझ्या पोराला श्वास पुरला नव्हता. तरी मी पंप बंद केला नाही. डिंपल रोज शुद्ध पाण्याची भर घालत होती, मी उभा राहून पाहत होतो. हळूहळू मीही शिकलो की पाणी उडते, मीठ मागे राहते, म्हणून भर गोड्या पाण्याचीच घालायची.

३. माझा धाकटा भाऊ भागवत याला माझ्या मिळकतीतून काही नाही. त्याची वाटणी वडिलांनीच दिली होती. तरी कारण लिहितो.

गेल्या वर्षी मी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी अकोल्याला होतो. भागवतच्या घरी सोयरे येणार होते. त्यांना आमची टाकी दाखवायची म्हणून त्याने शहरातून एक भारी ट्रिगर मासा आणला. डिंपल आडवी आली. "काकाजी, हा ह्यायच्यासंगं नाही राहत. फाडून खाईन तो त्यायले."

"तुले काय समजते वं? माह्या भावाची टाकी हाय," असे म्हणून त्याने पिशवी आत रिकामी केली.

सोयरे चहा पीत असतानाच कोळंबी संपली. संध्याकाळपर्यंत ग्रामा आणि क्लाऊनची मादी फाटून पडली. डिंपलने बाह्या सारून हात आत घातला, ट्रिगर पकडला. त्याने तिचे बोट फोडले, तरी तिने सोडला नाही. टँग आणि क्लाऊनचा नर वाचले ते तिच्यामुळे.

मी परतलो तेव्हा अंगणात चार माणसे बसली होती. भागवत त्यांच्यादेखत म्हणाला, "हिच्या हातानं समदं मरूनच राह्यलं, दादा. आधी पोरगा, आता हे."

डिंपल बोटाची पट्टी पदराखाली घेऊन आत गेली. भागवतला मी बाहेरचा रस्ता दाखवला. तो आजतागायत आलेला नाही.

म्हणून स्पष्ट लिहितो: माझ्या चितेला अग्नी डिंपलनेच द्यावा. भागवतने यावे, मागे उभे राहावे.

४. तो ट्रिगर जिवंत आहे. मागच्या खोलीत वेगळ्या काचेत एकटा फिरतो. मी त्याला रोज चारा देतो. दोष त्याचा नव्हता. माझ्यामागे त्याला जाणत्या माणसाकडे द्यावे. भागवतकडे देऊ नये, उपाशी मारील.

५. मोठ्या टाकीत कोणीही नवा मासा सोडू नये, दुःखाने नाही आणि हौसेने नाही. उरलेले दोघे आपल्या मरणाने गेले की पाणी काढून टाकावे. तोवरही डिंपल अडकून बसणार नाही. ते तिला जड झाले तर प्रेमच्या रत्नागिरीच्या मित्रांना कळवावे, ते येऊन नेतील.

६. डिंपलसाठी मेहकरचे एक चांगले स्थळ आले आहे. माणूस मी स्वतः पाहिला आहे. ती मला म्हणाली, "मामाजी, तुमी हाय तोवर हा विषय नोको." ती माझ्यासाठी थांबली आहे. मी खाटेवर जितके दिवस काढतो, तितके तिच्या वयातून जातात, आणि हे मला रोज दिसते. तोंडी सांगून पाहिले, ती रडते आणि स्वयंपाकघरात निघून जाते. म्हणून कागदावर आज्ञा करतो: माझे तेरावे झाले की तिने होकार कळवावा. वर्षभराचा दुखवटा माझ्यासाठी पाळू नये.

हे सर्व वाचून, समजून, खाली सही केली आहे.

हिंमतराव संपतराव आखाडे

आमच्यासमक्ष सही झाली, आम्हीही त्यांच्यासमक्ष सही केली:
१. दयाराम नामदेव काळुसे, शेजारी
२. जनकाबाई विठोबा ठोंबरे, निवृत्त परिचारिका

डोणगाव, दि. ९ नोव्हेंबर २०२५