दोन दिवस त्या खुर्चीत

मी आन्तेल्म बुर्दिया, वय एकाहत्तर, धंदा खुर्च्या घडवण्याचा, राहणार पॅरिस, सेंट आंत्वान उपनगर, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. बुद्धी ठिकाणावर आहे. अक्षर कापरे दिसेल ते पटकीमुळे नव्हे, भीतीमुळे. पटकी अजून आमच्या तळमजल्यापर्यंतच आली आहे.

एक. दोन्ही खोल्या, भांडीकुंडी व अंथरूण माझी मुलगी सेराफिन हिला.

दोन. रंधे, करवती, पटाश्या भागीदार इलेर याला. हातोडी मात्र कोणालाही देऊ नये, नदीत टाकावी.

तीन. महोगनीची खुर्ची सेराफिनचीच. छत्तीस वर्षांपूर्वी एका कंत्राटदाराला जुन्या रोमन सरदारांसारखे बसायचे होते. त्याने दगडातल्या कोरीवकामाचे चित्र आणून दिले, त्यावरून मी ही केली. पाय तलवारीसारखे बाकदार, पाठ खांद्यांना कवेत घेणारी, साऱ्या खुर्चीत एकही खिळा नाही. न्यायच्या आधीच तो शहर सोडून पळाला. पुढे माझ्या बायकोने तीत बसून सेराफिनला पाजले. इलेर अजून टोमणा मारतो, "विका हो म्हातारबा, रोमचा राजा काही यायचा नाही आता!" विकू नये. डुगडुगली तरी इलेरच्या हाती देऊ नये, तो खिळा ठोकील.

चार. गेल्या आठवड्यात मंगळवारी तळमजल्यावरची धोबीण पेरिन सकाळी आजारी पडली आणि दुपारी गेली. शवपेट्या पुरत नव्हत्या, म्हणून आम्हा सुतारांनाच जुंपले होते. तिची पेटी मी केली. चौथा खिळा ठोकताना आतून खरवडल्याचा आवाज आला. एकदाच.

"इलेर, ऐकलंस?"

"ओली फळी तडकली असेल. ठोका."

"उरका रे!" दाराशी प्रेतगाडीचा गाडीवान ओरडला. "अजून सतरा घरं आहेत!"

मी ठोकले. आणखी पाच खिळे. फळी ओली नव्हती. सहा वर्षे मीच ती वाळवली होती.

तेव्हापासून पांघरूण तोंडावर आले तरी मी ओरडत उठतो.

पाच. म्हणून माझा श्वास थांबलासा वाटला तरी मला पेटीत घालू नये. तिसऱ्या कलमातल्या खुर्चीत, खिडकीशी बसवावे, छातीला शाल बांधावी, आणि दोन दिवस, दोन रात्री तसेच राहू द्यावे. सेराफिन म्हणते, "बाबा, शेजारी आपलं घर पेटवतील!" पोरी, तुला काय पत्करावे लागेल ते मला कळते. तरी मागतो. मला फार भीती वाटते.

स्वहस्ते लिहिले म्हणजे कायद्याला साक्षीदार नकोत, मला हवेत.

पहिला, ओगुस्त्याँ लेरू, पाववाला. सही केली, पण उंबऱ्याच्या आत आला नाही.

दुसरा, बास्तियाँ, पाणक्या, पेरिनचा नवरा. चौथे कलम मी त्याला दोनदा वाचून दाखवले. त्याने टोपी काढून हातात चुरगाळली. मी म्हणालो, "मार मला." त्याने मारले नाही.

"दोन दिवस मी बसतो तुमच्यापाशी," तो म्हणाला. "बोट जरी हललं तरी हाक मारीन. तिला कुणी हाक मारली नाही."

त्याला लिहिता येत नाही. फुली केली आहे.

पॅरिस, गुरुवार, १९ एप्रिल १८३२
आन्तेल्म बुर्दिया