दोन उजवे पंख

प्रिय टाचणी,

आपण दोघांनी आपापले पंख छोट्या विमानांच्या आपल्या क्लबच्या टेबलावर ठेवले, त्या क्षणी माझं सगळं फिरलं. वर्तमानपत्रात जपून गुंडाळून आणलेला तुझा लाकडी सांगाडा तू एका बाजूला मांडलास, मी माझा दुसऱ्या, आणि क्लब चालवणाऱ्या काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. मग म्हणाले, "वा! दोन्ही उजवे. हे विमान आता जागच्या जागी फिरून स्वतःचीच शेपटी चावणार." खालच्या दवाखान्यात पेशंटच्या हिरडीत भुलीचं इंजेक्शन देऊन दोन मिनिटांसाठी वर आलेले डॉक्टर असे हसले, की त्या बिचाऱ्याची भूल उतरायची वेळ आली.

चूक आपल्या क्लबच्या रीतीतलीच होती. एक पंख एकानं करायचा, दुसरा दुसऱ्यानं, तोही आपापल्या घरी. म्हणजे विमानाला कुणी एकट्यानं 'माझं' म्हणायचं नाही. किटमधल्या नकाशावर चित्र फक्त उजव्याचं. डाव्यासाठी कागदाला तेल चोळायचं, तो पारदर्शक झाला की उलटा पसरायचा. मी धरून चाललो तू डावा करशील, तू धरून चाललीस मी करीन. मी माझा पंख उपडा करून बघितला, तर पोट वर आलं. टोकाकडून फिरवला, तर मागची धार पुढे आली. माझ्या नाकावर राग चढलेला सगळ्यांना दिसला होता. काकांनी तर गोंदाची बाटली हळूच माझ्या हाताच्या टप्प्यातून उचलली. आणि तू म्हणालीस, "चला, दोघं मिळून डावा करू. तेल मी आणते."

डॉक्टरांची रिसेप्शनिस्ट तू. 'वरच्या गोंदाच्या वासानं पेशंट खोकतात' म्हणून भांडायला पहिल्यांदा जिना चढून आलीस, आणि भांडण अर्धवट टाकून पट्ट्या घासायला बसलीस. डावा पंख करताना तू टाचण्या ओठांत धरायचीस, एकेक काढून लाकडाशेजारी रोवायचीस. तोंडात टाचण्या, त्यामुळे तू नुसती 'हं' म्हणायचीस, आणि त्या 'हं'च्या भरवशावर मी तुला सगळं सांगत गेलो. ड्रॉइंग चोरलंय असं सर म्हणाले, मी भर वर्गात कागद फाडला, डोक्यात राख घालून निघालो तो परत गेलोच नाही. आता गल्लीतल्या दुकानात पंख्यांच्या मोटारींना तार गुंडाळतो. बाबा माझ्याशी आईमार्फत बोलतात. तू उरलेल्या टाचण्या तळहातावर काढल्यास आणि म्हणालीस, "कागद फाडलास, ठीक. वर्ष कशाला फाडलंस?" हेच दुसरं कुणी म्हणालं असतं तर मी टेबल उलटवलं असतं. तुझ्यापुढे मात्र खालून येणारी डॉक्टरांच्या ड्रिलची घरघर ऐकत बसलो. तेव्हाच मला कळायला हवं होतं की माझं काही खरं नाही. काकांना कळलं होतं. तेव्हापासूनच ते तुझ्यादेखत मला 'काडेपेटी' म्हणायला लागले.

मग तो रविवार. माळावर गवत कापलेलं, वारा बेताचा. तू विमान डोक्यावर धरून धावलीस, सोडलंस, आणि ते एकदा डुचमळून वर गेलं. डॉक्टर टाळ्या वाजवत होते, काका 'नाक खाली, नाक खाली' असं ओरडत होते. तू धापा टाकत माझ्याशेजारी येऊन उभी राहिलीस आणि बोलायला लागलीस. वेळ तू ठरवून निवडली होतीस, नाही का? माझे दोन्ही अंगठे रिमोटवर, नजर आभाळात. भांडता येत नव्हतं, निघून जाता येत नव्हतं. एवढं कुणी मला ओळखलेलं नाही.

तू सांगितलंस, विमानं दुरुस्त करायच्या कारखान्यात, खऱ्या विमानांच्या, तुझी निवड झालीय. शहर लांबचं, शिक्षण आणि नोकरी मिळून चार वर्षं. मुलाखतीत त्यांनी विचारलं, हातून घडलेली एखादी चूक सांगा. तर तू दोन उजव्या पंखांची गोष्ट सांगितलीस, आणि तेलाच्या कागदाची. समोरचे तिघंही हसले, आणि मधल्या बाई म्हणाल्या, "अशी चूक केलेली माणसंच आम्हाला हवीत, ती पुन्हा सगळं दोनदा बघतात." म्हणजे बघ, ज्या चुकीनं तुला माझ्या टेबलावर आणलं, तिनंच तुला उचलून नेलं. देवाला पण माझीच गंमत करायची असते.

आणि मग तू तो प्रश्न टाकलास. "तू थांब म्हणालास तर मी थांबते. आत्ता सांगू नकोस. आधी उतरव." मी उतरवलं. कसं उतरवलं ते आठवत नाही. काका म्हणतात, लोण्यासारखं. रिमोट त्यांच्या हातात दिला आणि तुझ्याकडे न बघता चालू लागलो. मागून तू हाक मारलीस ती ऐकली होती मी.

टाचणी, मी 'थांब' म्हणायचं ठरवलं होतं. दुकानात तार गुंडाळता गुंडाळता त्या एका शब्दाची तालीम करत होतो. हळू, जोरात, हसत, हात धरून. मालकांनी विचारलंसुद्धा, "कोणाला थांबवतोयस रे? मोटार तर बंदच आहे."

परवा घरी स्वयंपाकघरातला नळ गळत होता. बाबा वाकून पाना फिरवत होते, आणि आई दारात अशी उभी, जणू नळ तिनंच फोडलाय. बाबा बाहेर गेल्यावर मी चिडून म्हणालो, एवढं काय घाबरायचं? तेव्हा ती पहिल्यांदा बोलली. मी पोटात असताना बाबांना जहाजावर नोकरी लागली होती. बॅग भरून तयार होती. आई म्हणाली, "मी म्हटलं थांबा, आणि ते थांबले. तेव्हा वाटलं, जिंकले मी. तोंडानं त्यांनी आजवर एकदाही काही ऐकवलं नाही. पण पगार लांबला, पाऊस लांबला, अगदी नळ गळला, तरी मला वाटतं, माझ्यामुळेच." एवढं बोलून ती भांडी घासायला लागली. मी तिच्या पाठीकडे बघत राहिलो. बाबा माझ्याशी का बोलत नाहीत, तेही थोडंसं उमगलं. ज्याच्यासाठी बॅग रिकामी केली, त्यानं वर्गातून उठून यावं!

तू माझ्या घरात बाबांसारखी थांबून राहिलीस तर? आणि मी आईसारखा दारात उभा राहिलो तर, आयुष्यभर, तुझ्या प्रत्येक गप्प बसण्याकडे कान लावून? ते माझ्याच्यानं व्हायचं नाही. माझ्यासारख्याच्यानं तर नाहीच.

आज संध्याकाळी तू तुझी हत्यारं न्यायला आणि माझं उत्तर ऐकायला इथे क्लबात येणार आहेस. समोरासमोर आलो तर माझ्या तोंडून 'थांब'च निघेल. माझी जीभ मला ठाऊक आहे, ती माझं ऐकत नाही. म्हणून हे पत्र. जा. मनापासून जा, मागे वळून बघू नकोस. आणि अजून एक. उद्या सकाळी तुझ्या गाडीच्या वेळी मी पिसाळल्यासारखा स्टेशनवर धावत येईन, रडेन, भांडेन, तुझी बॅग धरेन, म्हणेन की पत्रातलं सगळं खोटं. तेव्हा माझं ऐकू नकोस. पत्रातला मी खरा धर. पत्र तुझ्या हत्यारांच्या पेटीवर ठेवतोय, डॉक्टरांना सांगितलंय की तू आल्याशिवाय कुणाला वर सोडू नका. जिन्यात पावलं वाजताहेत. डॉक्टरांची असतील, तुझी नसावीत, पण वाट बघत बसलो तर माझा धीर सुटेल. उठतो. दिवा विझवतो, बाहेर पडतो, आणि दार ओढून घेतो.

तुझाच, तू कुठेही असलीस तरी,
काडेपेटी